ऐकून दाखव

मुलाखतीच्या दिवशी मी घरून गळा तयार करून निघाले होते. डिंडोलीहून बस बदलत नानपुऱ्याला पोहोचेपर्यंत मनातल्या मनात यमनची आलापी चालू होती. संगीत घेऊन नुकतीच एम.ए. झाले होते आणि सुरतेतल्या एका जुन्या शास्त्रीय संगीत संस्थेच्या शिक्षण विभागात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते, असं कळलं होतं. तिथे मोठमोठे गवई येतात, त्यांच्या मागे तानपुऱ्यावर बसायला मिळेल, एखाद्या दिवशी कोणीतरी मागे वळून विचारेल, 'काय गं, शिकतेस कुणाकडे?' एवढंच माझं स्वप्न होतं.

संस्थेच्या जिन्याखाली एक खोली होती. तिथे साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. अंगावर कडक सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, समोर खाखऱ्याचा डबा. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "गाऊन दाखवू?"

"नको," त्या म्हणाल्या. "ऐकून दाखव."

मला वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं. पण त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि स्वतः खाखरा खात बसल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, काय काय ऐकलं? मी सांगितलं, रिक्षा, हॉर्न, एक फेरीवाला. फेरीवाला काय विकत होता? ठाऊक नाही. येत होता की जात होता? तेही ठाऊक नाही. मग त्यांनी मला एकेक सांगितलं. समोरच्या इमारतीत कुकरची शिट्टी होता होता राहिली होती, खालच्या गॅरेजवाल्याचा पाना दोनदा हातातून निसटला होता, फेरीवाला भंगार घेणारा होता आणि त्याचा घसा बसलेला होता.

"वांधो नहीं," शेवटी त्या म्हणाल्या. "सहा महिने आहेत ने तुझ्याकडे. उद्यापासून ये."

मी गायले नव्हते, तरी माझी निवड झाली होती. घरी जाऊन मायला काय सांगावं, तेच समजेना.

गुजरातेत प्रत्येक बाई बेन असते. पण आमच्या संस्थेत नुसतं 'बेन' म्हटलं की त्याच. तीन पिढ्यांपासून सुरतेत राहणाऱ्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी त्यांचीच होती. प्रत्येक वाक्याला 'ने'ची शेपटी असायची, हिशेब गुजरातीत, राग आला की अस्सल सुरती, आणि संगीताविषयी बोलायचं झालं की एकदम स्वच्छ, हळू, सणासाठी राखून ठेवलेली असावी तशी मराठी. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. 'छोकरी' म्हणत. त्यांच्या दृष्टीने तिशीच्या आतले सगळे छोकरा-छोकरीच होते.

सकाळी ऑफिसात पाऊल ठेवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आज शुं सांभळ्युं?" म्हणजे आज येताना काय ऐकलंस? 'काही नाही' हे उत्तर चालत नसे. 'गर्दीचा आवाज' हेही नाही. गर्दीचा आवाज म्हणून काही नसतं, माणसं असतात, असं त्या म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात मी बसमध्ये उत्तरं जुळवत यायचे. त्यांना ते लगेच कळायचं. महिन्याभराने मला जुळवावं लागेनासं झालं. उधन्याच्या पुलाखाली आवाज बदलतो, मोठ्या गाड्यांचा घुमतो आणि माणसांचा नाहीसा होतो, हे मला इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाऊन पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी बेननी माझ्यापुढे खाखऱ्याचा डबा सरकवला. एरवी त्या डब्याला कोणी हात लावत नसे.

त्यांच्या मोपेडला हॉर्न नव्हता. बिघडलेला नव्हता, त्यांनी गॅरेजवाल्याकडून काढूनच घेतला होता. सुरतेच्या रस्त्यावर बिनहॉर्नची गाडी चालवणं म्हणजे काय, ते सुरतेत राहिलेल्यालाच कळेल. मी एकदा त्यांच्या मागे बसून चौक बाजारापर्यंत गेले, ते देवाचं नाव घेत. समोर कोणी आडवं आलं की त्या गाडी थांबवायच्या आणि तो बाजूला होईपर्यंत शांतपणे त्याच्याकडे बघत राहायच्या. मागून हॉर्नचा वर्षाव व्हायचा. एकदा ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. बेन त्याला म्हणाल्या, भाऊ, या चौकात तू सकाळपासून उभा आहेस, घरी गेल्यावर कानात काय वाजतं ते सांग. तो बिचारा खरंच सांगू लागला. रात्री झोप लागत नाही म्हणाला. शेवटी हॉर्न बसवून घ्या एवढं बजावून त्याने सोडलं. बेननी मान डोलावली. हॉर्न काही बसवला नाही.

कार्यक्रमाच्या पत्रिका आणि कलाकारांचे परिचय आमच्याच खोलीत लिहिले जायचे. त्यांत 'दैवी', 'अलौकिक' आणि 'मंत्रमुग्ध' या शब्दांना बंदी होती. लिहिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नाश्त्याला लोचो, तो सुरतेचा वाफवलेला डाळीचा पदार्थ, आणायचा, हा दंड. हा दंड एकदा अध्यक्षांनाही झाला होता आणि त्यांनी तो भरलाही होता, असं ऑफिसातले जुने लोक सांगत. मला तिसऱ्याच दिवशी झाला. 'स्वर्गीय सुरांची बरसात' असं मी लिहिलं होतं. बेन म्हणाल्या, त्या बाईंनी काय केलं ते लिही ने, हवामान कशाला लिहितेस?

पण त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट मला उशिरा कळली. संस्थेच्या सभेआधी प्रार्थना व्हायची. सगळे गायचे, बेनचे ओठ मिटलेले. मला वाटलं, प्रार्थनेवर विश्वास नसेल. मग एकदा एका शिपायाच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, आणि त्या छोट्या मुलीच्या आग्रहाखातर बेनही म्हणू लागल्या. दोन ओळी झाल्या असतील. शास्त्रीय संगीताच्या संस्थेत उभं आयुष्य काढलेल्या त्या बाईंचा आवाज कुठल्याच सुराला लागत नव्हता. थोडाही नाही. मुलगी खूश झाली, बाकीच्यांनी केकमध्ये लक्ष घातलं.

दुपारी मला न विचारताच त्यांनी सांगितलं. वडील गायनाचे शिक्षक, चार भावंडं, सगळी गाणारी. सात-आठ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना तपासलं आणि आईला म्हणाले, हिच्या गळ्यात सूर नाही, हिला शिवण शिकव. त्या शिवण शिकल्या. पण शिवण घेऊन बसायच्या ते गाण्याच्या खोलीच्या दाराबाहेर.

"घरात सगळेच गायचे," त्या म्हणाल्या. "कोणीतरी ऐकायला हवं होतं ने?"

हे त्यांनी रडवेल्या होऊन सांगितलं नाही. आपल्याला घरातली चांगली जागा मिळाली, अशा सुरात सांगितलं. वडील म्हातारे झाल्यावर रियाझ संपला की भावांना नाही, बेनना हाक मारत. आज निषाद कसा होता? आणि त्या खरं ते सांगत.

शिक्षण विभाग म्हणजे गाणं शिकवण्याचा विभाग, असं समितीतल्या सगळ्यांना वाटे. बेनना वाटे, तो ऐकणं शिकवण्याचा विभाग आहे. गाणारे पुष्कळ तयार होतात, त्यांच्यापुढे बसणार कोण? हॉलमध्ये तीच ती पहिल्या तीन रांगांतली शाल पांघरलेली मंडळी, तीही मध्यंतरात निम्मी होणारी. म्हणून आम्ही शाळाशाळांतून तानपुरा घेऊन जायचो. मुलं भरभरून ऐकायची. पण डिंडोलीतल्या एका मराठी शाळेत एक मुलगी म्हणाली, घरी लावलं तर मम्मी बंद कर म्हणते. बेन रिक्षात बसल्या. मग मला विचारलं, तुझ्या घरी कोण ऐकतं?

मी सांगितलं, कोणी नाही. नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, गेले. तिथे दिवसभर इतका खडखडाट असतो की माणसं खुणांनी बोलतात, आणि पुढे घरीही खुणांनीच बोलावं लागतं. माय घरी साड्यांचं धागा कटिंग करते. भरतकामाच्या मशीनवरून आलेल्या साडीला मागून धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे. आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका तेच करतात. मी रियाझाला बसले की माय थोड्या वेळाने विचारते, 'व्हयनं का?' झालं का, म्हणजे टीव्ही लावता येईल.

"म्हणजे हात गुंतलेले आणि कान मोकळे," बेन म्हणाल्या. "दुपारभर. आणि आपण शाळेत जातो. गाढव आहोत आपण."

पुढच्या बुधवारी त्या आमच्या घरी आल्या.

आमची एक खोली, त्यात साड्यांचे ढीग, त्या ढिगांमध्ये गल्लीतल्या सात-आठ बायका आणि मधोमध तानपुरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेननी बूट दाराबाहेर काढले, मायला 'ताई, कात्री आहे का जास्तीची?' विचारलं, एक साडी मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, वाजव. बोलणं नाही, ओळख नाही, रागाची माहिती नाही. मी तानपुरा छेडत राहिले आणि बेन धागे कापत राहिल्या. लहानपणी शिकलेलं शिवण तिथे कामाला आलं. त्यांचा हात मायपेक्षा सफाईदार चालत होता.

खूप वेळ झाला. आमच्या शेजारची अंमळनेरवाली काकू, जिच्या जिभेला गल्ली घाबरते, ती शेवटी म्हणाली, "बाई, गानं कव्हय सुरू व्हई?"

बायका फिसकन हसल्या. बेनही हसल्या, आणि म्हणाल्या, पुढच्या बुधवारी.

पुढच्या बुधवारीही नुसता तानपुराच. त्याच्या पुढच्याही. बायका यायच्या, कारण बेनचा हात चालायचा आणि त्यांच्याजवळ सांगायला भरपूर असायचं, भावांची भांडणं, वडिलांचे लहरी पाहुणे. तानपुरा मात्र चालूच. मला वाटत होतं, ही नामुष्की आहे. मी एम.ए. झालेली मुलगी, गल्लीत चेष्टेचा विषय झाले होते. मग एका बुधवारी अंमळनेरवालीची कात्री थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, तानपुऱ्याकडे बघितलं, मागच्या भिंतीकडेही बघितलं.

"तारा चार शेतस," ती म्हणाली, "मंग हाई पाचवी बाई कोन गास?"

तानपुऱ्याच्या चार तारांत गंधार कुठेच लावलेला नसतो. पण तानपुरा नीट जुळला आणि नीट ऐकला, तर तो आपोआप उमटतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. अंमळनेरवालीने तो ऐकला होता. बेननी कात्री खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. आता गाणं, म्हणाल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या बायकांपुढे गायले, आणि पहिल्यांदाच मायने 'व्हयनं का' विचारलं नाही.

त्याच सुमाराला नानांची पाळी बदलली. एका बुधवारी ते दुपारीच घरी आले आणि बायकांनी भरलेली खोली पाहून दारातच थबकले. बेननी त्यांना खुणेने आत बोलावलं. नाना संकोचून भिंतीशी उभे राहिले. मी वाजवत होते. बेननी त्यांचा हात धरून तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. नानांचा पंजा मोठा, लूमच्या तेलाने काळवंडलेल्या रेषांचा. आधी काही झालं नाही. मग त्यांनी दुसराही हात ठेवला, खाली बसले आणि भोपळ्याला कपाळ टेकवलं. कात्र्या थांबल्या होत्या. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "थोडं अजून वाजाड." कान गेल्यापासून नानांचा आवाज नेहमी चढा असायचा. त्या दिवशी तो हळू निघाला.

हे कानावर गेल्यावर समितीतले एक सभासद कौतुकाने म्हणाले, लूमच्या ठेक्यात वाढलेली माणसं, लय त्यांच्या रक्तातच असणार. बेननी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. रक्तात काही नसतं, म्हणाल्या, आणि लूमच्या खात्यात ठेका नसतो, तिथे माणसं बहिरी होतात. सभासद नाराज झाले. ती नाराजी लवकरच अंगावर आली.

संस्थेचं वार्षिक संमेलन थंडीत होतं, तीन दिवस. शेवटच्या दिवशी रविवारी सकाळचं सत्र असतं. सकाळचे राग काय ते तेवढ्याच सत्रात ऐकायला मिळतात, पण त्या सत्राला हॉल रिकामा असायचा. आदल्या रात्रीची मंडळी उठलेलीच नसत. त्या वर्षी संस्थेच्या सेक्रेटरीभाईंनी त्या सभासदांच्या पाठिंब्याने समितीत दोन प्रस्ताव मांडले. सकाळचं सत्र बंद करावं, आणि शिक्षण विभागही. ते वाईट गृहस्थ नव्हते. संस्थेसाठी रात्रंदिवस राबायचे. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की शिक्षण विभागातून ना कोणी स्पर्धेत बक्षीस आणतं, ना प्रमाणपत्रं वाटली जातात, ना फोटो निघतात, आणि आता तर बेन बुधवारी डिंडोलीत साड्यांचे धागे कापतात.

बेननी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, या वर्षी सकाळचं सत्र होऊ द्या. हॉल मी भरते. नाही भरला तर संध्याकाळी खोलीची किल्ली तुमच्या हातात देते. भरला तर सत्रही राहील आणि खोलीही.

सगळ्यांनी हो म्हटलं. कोणालाच ते शक्य वाटत नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, शाळांना सांगू, मुलांना बसने आणू, नाश्त्याची पाकिटं देऊ. बेन जिन्यातच उभ्या राहिल्या. पाकीट नाही, सक्ती नाही, बस नाही. "जो येईल तो ऐकायला येईल," म्हणाल्या. "नाहीतर किल्लीच बरी."

मी घरी मायला सांगितलं. रविवार म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पाणी भरणं, आठवड्याचे कपडे, नवरे घरी, आणि सोमवारी द्यायचा साड्यांचा माल. सकाळी आठला नानपुऱ्याला या म्हणणं सोपं होतं. माय इतकंच म्हणाली, "देखूत." आमच्याकडे देखूत म्हणजे हो नसतं आणि नाहीही नसतं. बेनना कळवलं तर त्या म्हणाल्या, काम राहत असेल तर काम घेऊन या म्हणावं.

त्या रविवारी गायला बाहेरगावच्या एक वयस्क गायिका आल्या होत्या. पडदा वर गेला तेव्हा पुढे शाली पांघरलेली थोडी मंडळी, आमच्या संस्थेचे काही विद्यार्थी, आणि त्यामागे रिकाम्या खुर्च्या थेट दारापर्यंत. गायिकांनी त्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि डोळे मिटून तोडी सुरू केली. मी त्यांच्या मागे तानपुऱ्यावर होते. ज्या जागेचं स्वप्न पाहून मी संस्थेत आले होते, तीच ती जागा. पण माझं सगळं लक्ष दाराकडे. बेन पहिल्या रांगेच्या कडेला बसलेल्या. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

आलापी रंगात येत होती तेवढ्यात मागच्या दाराशी गलबला झाला. मी मान उंचावून पाहिलं. दारात माय उभी होती. तिच्यामागे अंमळनेरवाली, तिच्यामागे आमची गल्ली, आणि त्यांच्यामागे मला ओळखूही न येणाऱ्या बायका, पलीकडच्या गल्ल्यांतल्या, त्यांच्या पोरी, काही नवरेसुद्धा. पाणी उशिरा आलं, बस गेली, म्हणून कापडाचे ताके वाहणाऱ्या तीन-चार टेम्पोंत उभ्या राहून त्या आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. केस वाऱ्याने विस्कटलेले, अंगावर ठेवणीतल्या साड्या, आणि प्रत्येकीच्या काखेत गाठोडं. बेननी काम घेऊन या म्हटलं होतं, आणि त्या खरंच घेऊन आल्या होत्या.

दारावरच्या स्वयंसेवकाने त्यांना अडवलं होतं. सेक्रेटरीभाई धावत गेले. मायला उद्देशून केलेलं त्यांचं कुजबुजणं त्या शांत हॉलमध्ये मंचापर्यंत आलं. "बेन, आ पोटलां अंदर नहीं चाले."

गायिका थांबल्या.

बेन उठल्या. आता त्या काहीतरी बोलतील, भांडतील असं मला वाटलं. पण पांढऱ्या बुटांनी सबंध हॉल ओलांडून दारापर्यंत गेल्या. मायच्या काखेतलं गाठोडं त्यांनी घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. मग वळल्या आणि मधल्या वाटेने परत मंचाकडे चालू लागल्या. माय त्यांच्यामागे निघाली. मायच्या मागे सगळ्या. सेक्रेटरीभाई बाजूला झाले, कारण तेवढ्या बायका चालून येत असताना दुसरं काही करता येत नाही. बेन पहिल्या रांगेच्याही पुढे, मंचासमोरच्या सतरंजीवर जाऊन बसल्या, गाठोडं सोडलं आणि त्यातली एक साडी मांडीवर घेतली. सतरंजी भरली. मग खुर्च्या भरू लागल्या, मागच्या, त्याच्या मागच्या, थेट दारापर्यंत.

गायिका हे सगळं बघत होत्या. बेनना म्हणाल्या, "या आता ऐकायला बसल्या?"

"हो," बेन म्हणाल्या. "काम करत ऐकतात. चालेल ने?"

"मला घरी आई भाजी निवडत ऐकायची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे मान वळवून बोलल्या, "लाव गं. पहिल्यापासून घेऊ."

आणि झालं तेवढं सगळं बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा पहिला षड्ज लावला.

सुरुवातीला हॉलभर कात्र्यांचा बारीक आवाज होता. शालवाल्या मंडळींच्या कपाळावर आठ्या होत्या. गायिका मंद्रात फिरत होत्या, घाई नव्हती. हळूहळू मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं आणि मग कळलं, कात्र्यांचा आवाज विरळ झाला होता. एक थांबली. मग दुसरी. मायच्या हातातली साडी गुडघ्यावरून घसरून खाली पडली होती आणि तिला पत्ता नव्हता. कोणी कोणाला थांबायला सांगितलं नव्हतं. शेवटची कात्री कुठेतरी मागे वाजली, आणि नंतर हॉलमध्ये फक्त गाणं राहिलं. गायिकांनी डोळे उघडले. त्यांनाही ते ऐकू आलं होतं.

मग त्या जे गायल्या, ते मी वर्णन करायला गेले तर लोचो आणावा लागेल. इतकंच सांगते की तार षड्जाकडे त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या, जात नव्हत्या. सगळा हॉल त्यांच्याबरोबर वर बघत होता. आणि शेवटी त्या तिथे पोहोचल्या तेव्हा अंमळनेरवालीच्या तोंडून हलकेच निघालं, "हाय माय." गायिका गाता गाता हसल्या, खाली उतरल्या, आणि केवळ तिच्यासाठी तीच वाट पुन्हा चढून गेल्या.

सत्र साडेदहाला संपायचं होतं. जेवणाची वेळ उलटून गेली तरी त्या गातच होत्या. संपल्यावर पुढच्या मंडळींनी टाळ्यांसाठी हात उचलले, पण आमच्या बायका हलल्या नाहीत. बेन कधी टाळी वाजवत नसत, तानपुरा विझेपर्यंत बसून राहत. बायकांनी ऐकायची तेवढीच एक रीत पाहिली होती. मंडळींचे हात तसेच खाली आले. तानपुरा पूर्ण शांत झाला, आणि मग हॉल उठला.

बाहेर ओट्यावर मी मायला विचारलं, कसं वाटलं? ती साडीची घडी करत होती.

"माले काही समजनं नही," माय म्हणाली, "पन उठू वाटनं नही."

हे मी बेनना सांगितलं, तर त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. त्या म्हणाल्या, माझे वडील असते तर त्यांना सांगितलं असतं, याहून मोठी दाद त्यांच्याही वाट्याला आली नव्हती. संध्याकाळी त्या किल्ली घेऊन सेक्रेटरीभाईंपुढे उभ्या राहिल्या. सेक्रेटरीभाईंनी हात जोडले. किल्ली राहू द्या, म्हणाले, आणि पुढच्या वर्षी सतरंज्या जास्त घालाव्या लागतील का, तेवढं सांगा.

माझे सहा महिने संपले, पण मी त्या खोलीतून गेले नाही. आता तो विभाग मी बघते. बेन निवृत्त झाल्या आहेत, म्हणजे पगार घेत नाहीत, एवढाच फरक. बुधवार आता आमच्या घरी मावत नाही, शाळेच्या सभागृहात भरतो. कोसाडच्या वसाहतीतही एक सुरू झाला आहे.

गेल्या थंडीतल्या संमेलनाच्या रविवारी शालवाली मंडळी आठला वेळेवर आली. तोवर हॉल गच्च भरला होता. आमच्या बायका सातलाच येऊन बसल्या होत्या, कारण आता त्यांना पुढची जागा लागते. सेक्रेटरीभाई घाम पुसत बेनजवळ आले आणि विचारू लागले, जुन्या सभासदांसाठी थोडी जागा करून द्यायला सांगाल का?

बेननी मंचावरून नजर हलवली नाही. तानपुरे जुळत होते.

"मने नहीं," त्या म्हणाल्या. "एमने पूछो."

सेक्रेटरीभाई मायकडे वळले. मग वाकून, शक्य तितक्या अदबीने, त्यांनी माझ्या मायला विचारलं. मायने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्यामागे शाली सावरत उभ्या असलेल्या मंडळींकडे पाहिलं, आणि साडी गुडघ्यांखाली घेऊन सरकली.

"बठा भाऊ," ती म्हणाली. "पन बोलू नका. सुरू व्हई राह्यनं."